मुतखडा आणि परतीची वाट

मुतखड्यावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे यश मोजण्याची रीत आता पक्की झाली आहे. ऑपरेशननंतर महिनाभराने एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढायचा, किडनीत खड्याचा तुकडा दिसला नाही तर रुग्णाला खडामुक्त म्हणायचे, आणि शेकडा किती खडामुक्त झाले ते मांडायचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ९६ केंद्रांतल्या ५,८०३ रुग्णांची अशी नोंद झाली. पाठीतून लहान छिद्र पाडून किडनीतला खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, म्हणजे ज्याला डॉक्टर 'पीसीएनएल' म्हणतात त्यानंतर, ७५.७ टक्के रुग्ण खडामुक्त निघाले आणि ८४.५ टक्क्यांना पुढे दुसरा कोणताही उपचार लागला नाही. आकडे समाधानकारक आहेत आणि त्यांच्या खरेपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत पसरलेल्या जंगलमुलखातल्या माणसाला ते अर्धीच गोष्ट सांगतात. घर सोडल्यापासून पुन्हा कामाला लागेपर्यंत किती दिवस गेले आणि किती फेऱ्या पडल्या, ही त्याची मोजणी आहे. ही मोजणी शास्त्राच्या बाहेरची, केवळ सोयीची बाब आहे असे समजणे चूक आहे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचा दोनशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर तिची खरी कमाई आधी वाचलेल्या जिवांची आणि नंतर वाचलेल्या दिवसांचीच दिसते. म्हणूनच चंद्रपूर आणि गडचिरोलीत ती किती परिणामकारक ठरली, हे दिवसांच्या हिशेबानेच तपासले पाहिजे.

आधी या मुलखाचा आकार ध्यानात घ्यायला हवा. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर चांदा जिल्हा बनला. दक्षिणेकडचा सिरोंच्याचा भाग त्याला १८७४ मध्ये जोडला गेला. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. आजच्या दोन्ही जिल्ह्यांचे क्षेत्रफळ मिळून पंचवीस हजार चौरस किलोमीटरांहून जास्त भरते. एकट्या गडचिरोलीचे १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. शंभराहून अधिक वर्षे हा सारा प्रदेश एकाच जिल्हा ठिकाणाकडे पाहत होता, आणि मोठ्या दुखण्यासाठी नागपूरच्या 'मेयो' रुग्णालयाकडे, पुढे १९४७ नंतर तिथल्याच 'मेडिकल'कडे, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाकडे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे कित्येक दशके फक्त वडसा-देसाईगंजला टेकत होती. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून पावणेदोनशेच्या आसपास, आणि सिरोंच्याहून साडेतीनशेच्या पुढे. त्यामुळे प्राणहिता-गोदावरीकाठचे लोक आजही करीमनगर किंवा वारंगळ जवळ करतात. भामरागडला पर्लकोटेचा पूर दर पावसाळ्यात वाट अडवतो, हे महाराष्ट्राला वर्तमानपत्रांमुळे ठाऊक आहे. अशा ठिकाणी कोणत्याही उपचाराच्या किमतीत रस्त्याची किंमत मिळवावीच लागते.

आता खड्याकडे येऊ. सुश्रुताने अश्मरीसाठी सांगितलेली शस्त्रक्रिया मूत्राशयातल्या खड्याची आहे. गुदमार्गातून बोटे घालून खडा खाली ओढून घ्यायचा आणि शिवणीच्या डाव्या बाजूला, जवाएवढे अंतर सोडून, छेद द्यायचा. हे करण्याआधी राजाची अनुज्ञा घ्यावी असे तो बजावतो. शस्त्र न चालवल्यास मृत्यू निश्चित आणि चालवल्यास जगण्याची खात्री नाही, हे त्याला माहीत होते. पुढे युरोपातही जवळपास याच मार्गाने खडे निघत राहिले आणि माणसे मरत राहिली. १८२४ मध्ये पॅरिसच्या झाँ सिव्हिआलने मूत्रमार्गातून एक बारीक हत्यार आत घालून, कुठेही न कापता, मूत्राशयातला खडा फोडून दाखवला. कमीत कमी छेदाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास इथून सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही. सिव्हिआलने आणखी एक मोठे काम केले. जुन्या पद्धतीने झालेल्या पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी जमवून त्याने त्या आपल्या नोंदींसमोर मांडल्या. जुन्या पद्धतीत साधारण पाचातला एक रुग्ण मरत होता, त्याच्या पद्धतीत शंभरातले दोन-तीन. १८३५ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने या आकड्यांची तपासणी केली आणि समोरचा रुग्ण हा एकटा माणूस असतो, त्याला सरासरी लागू करता येत नाही, असा आक्षेप घेतला. तो आक्षेप पूर्णपणे टिकला नाही. आजचे सारे उपचार आकड्यांवरच उभे आहेत. पण त्यात एक प्रश्न दडलेला होता आणि तो अजून संपलेला नाही: ज्या रुग्णांवरून हे आकडे काढले ते कुठले होते, आणि समोरचा रुग्ण त्यांच्यासारखा आहे का?

सिव्हिआलच्या पद्धतीत एक मोठी अडचण होती. एका वेळी थोडाच खडा फोडता येई आणि तुकडे लघवीवाटे आपोआप पडण्याची वाट पाहावी लागे, मग पुन्हा बैठक, पुन्हा वाट. १८७८ मध्ये बोस्टनच्या हेन्री बिगेलोने भूल देऊन एकाच बैठकीत सगळा खडा फोडण्याची आणि रुंद नळी व रबरी फुग्याने सगळे तुकडे धुऊन बाहेर ओढण्याची रीत दाखवली. ही रीत सर्वांत जोमाने कुठे रुजली, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटते. ती हिंदुस्थानच्या मोफसलात रुजली. होळकरांच्या इंदूरला रेसिडेन्सी सर्जन असलेल्या डी. एफ. कीगन यांनी १८८० च्या दशकात ही शस्त्रक्रिया लहान मुलग्यांवर केली. तोवर मुलांचा मूत्रमार्ग इतका अरुंद असतो की त्यातून हे हत्यार घालणे शक्यच नाही, असे लंडनचे जाणकार धरून चालले होते. उत्तरेत पी. जे. फ्रेयर शेकड्यांनी अशा शस्त्रक्रिया करत होते. पुढे लंडनला गेल्यावर ते मोठे नामवंत झाले. हे शल्यविशारद खडा डोळ्यांनी पाहत नव्हते. हत्याराचे दोन जबडे मूत्राशयात उघडायचे, त्यांत खडा अडकला हे मनगटाला जाणवले की स्क्रू आवळायचा, आणि फुटल्याचा आवाज कानाने ऐकायचा. साधन मोजके होते, एका पेटीत मावत होते. रोगी भरपूर होते, त्यामुळे हात बसत होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लांबून गाडीतून आणलेले पोर काही दिवसांत घरी जात होते आणि त्याला पुन्हा आणावे लागत नव्हते. एका बैठकीत काम संपत होते, म्हणूनच ही पद्धत गरिबांच्या देशात चालली.

मूत्राशयाचे खडे हे मुख्यतः गरीब घरच्या मुलांचे दुखणे होते. कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० च्या आसपास आणि नंतर उंदरांना निकृष्ट धान्यावर, दुधाशिवाय वाढवून त्यांच्यात खडे निर्माण करून दाखवले, आणि आहारात दूध आले की ते टळतात हेही दाखवले. विसाव्या शतकात आहार जसजसा सुधारला तसतसे मुलांचे मूत्राशयाचे खडे कमी झाले आणि मोठ्या माणसांच्या किडनीतले खडे वाढले. हा बदल शस्त्रक्रियेच्या दृष्टीने वाईट होता. मूत्राशयाला निसर्गाने बाहेरून वाट ठेवली आहे, पण किडनी बरगड्यांखाली, स्नायूंच्या मागे, रक्ताने भरलेली बसलेली. तिथला खडा काढायचा तर कुशीवर हातभर छेद, तीन थर स्नायू कापणे, कधी शेवटची बरगडी काढणे, आणि मग किडनी उघडणे. सिव्हिआल आणि कीगन यांनी मिळवलेले सारे हरवल्यासारखे झाले. जवळपास शंभर वर्षे किडनीचा खडा म्हणजे मोठी जखम, हेच समीकरण राहिले. तरीही एक सोय होती. हे ऑपरेशन जिल्हा रुग्णालयातला तयार हाताचा सर्जन करू शकत होता. त्याला लागत होते ते चांगले भूलतज्ज्ञ, रक्ताची बाटली आणि एक्स-रे.

१९७६ मध्ये स्टॉकहोमला फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून किडनीत आधी नळीची वाट करून तिच्यातून खडे काढल्याचे प्रसिद्ध केले. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला शरीराबाहेरून आघातलहरी सोडून पहिल्या रुग्णाचा खडा फोडला गेला. त्याच सुमारास मूत्रमार्गातून वर थेट मूत्रवाहिनीपर्यंत जाणाऱ्या लांब दुर्बिणी आल्या, आणि नव्वदच्या दशकात होल्मियम लेझरने कितीही कठीण खडा आत जाऊन भुगा करणे साधले. भारतात या शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र मुंबई-दिल्लीत नव्हे, गुजरातेतल्या नडियादला, १९७८ मध्ये सुरू झालेल्या मुळजीभाई पटेल रुग्णालयात उभे राहिले. तिथे या शस्त्रक्रियेसाठीची नळी बारीक करत नेण्याचे काम झाले. मूळची नळी आठ ते दहा मिलिमीटर जाडीची. 'मिनी' प्रकारात ती पाच-सहा मिलिमीटरांवर आली. महानगराबाहेरच्या गावातूनही जगात मान्य होणारे काम होऊ शकते, हे कीगनच्या इंदूरनंतर पुन्हा एकदा दिसले.

या सगळ्याने रुग्णाला मिळाले काय? इथे एक चाचणी मला निर्णायक वाटते. इजिप्तमधल्या मन्सूरा इथे किडनीच्या सगळ्या फांद्यांत पसरलेल्या मोठ्या खड्यांवर, जुनी उघडी शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना चिठ्ठ्या टाकून केली गेली. २००५ मध्ये निष्कर्ष आले. खडा पूर्ण निघण्यात दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नव्हता. उलट उघड्या शस्त्रक्रियेचा आकडा थोडा वरच होता, पुढच्या तपासणीत ८२ टक्के विरुद्ध ७४ टक्के. दुर्बिणीचा फायदा दुसरीकडे होता. ऑपरेशनच्या वेळची गुंतागुंत निम्म्याहून कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी, आणि कामावर परतायला सरासरी चार आठवड्यांऐवजी अडीच आठवडे. म्हणजे दुर्बिणीने खडा जास्त चांगला काढला असे नाही. तिने माणूस लवकर उभा केला. लहान खड्यांत, विशेषतः किडनीच्या खालच्या कप्प्यातल्या, आघातलहरींच्या तुलनेत तिचा खडा काढण्यातला वरचष्माही मोठा आहे. २००१ च्या एका अमेरिकी चाचणीत तिथे पाठीतून केलेल्या शस्त्रक्रियेने ९५ टक्के खडामुक्ती दिली आणि आघातलहरींनी ३७ टक्के. पण उघड्या ऑपरेशनशी तोलले तर तिची खरी मिळकत दीडेक आठवड्याची मजुरी आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा रोवणीच्या दिवसांत ती मिळकत लहान नाही. कोरचीच्या किंवा धानोऱ्याच्या कुटुंबाचे वर्षाचे रोख उत्पन्न काही आठवड्यांत गोळा होते, आणि त्या आठवड्यांत अंथरुणाला खिळलेला माणूस घराला परवडत नाही.

हाच दीड आठवडा या जिल्ह्यांत रस्त्यावर खर्ची पडतो. शस्त्रक्रियेची वाट साधारण अशी जाते: कूस धरून आलेला माणूस आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेतो, मग ग्रामीण रुग्णालय, मग सोनोग्राफीसाठी आणखी पुढे, तिथून जिल्हा ठिकाण, आणि शेवटी नागपूर किंवा सेवाग्राम. तिथे तपासण्या, तारीख, भरती, ऑपरेशन. आणि सुटी झाल्यावरही काम संपलेले नसते, कारण किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक नळी आत ठेवलेली असते. तिला डीजे स्टेंट म्हणतात. मऊ प्लॅस्टिकची, साधारण सव्वीस सेंटीमीटर लांब, दोन मिलिमीटरांच्या आसपास जाड, आणि दोन्ही टोकांना वेटोळी, म्हणजे वर-खाली सरकू नये. १९७८ मध्ये ती आली आणि तिने असंख्य किडन्या वाचवल्या. मूत्रवाहिनी सुजली तरी लघवी वाहती राहते ते तिच्यामुळे. पण तिचे खालचे वेटोळे मूत्राशयाला टोचत राहते. वारंवार लघवी, वजन उचलले की लालसर लघवी, कमरेत ओढ. बहुतेकदा दोन ते सहा आठवड्यांनी ती दुर्बिणीतून काढावी लागते. न काढली तर तिच्यावरच खडा चढतो. १९९१ च्या एका अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी ९.२ टक्क्यांवर कवच चढलेले होते, सहा ते बारा आठवड्यांत ४७.५ टक्के, आणि बारा आठवड्यांनंतर ७६.३ टक्के. जूनच्या पहिल्या आठवड्यात नळी ठेवून घरी गेलेल्या भामरागडच्या रुग्णाची काढायची तारीख ऐन पुरात येते. सप्टेंबरात तो पोचला तर बारा आठवडे उलटलेले असतात. खडा काढायला गेलेल्या माणसाच्या किडनीत आपणच एक नवा खडा ठेवला, असे त्याचे व्यावहारिक फळ होऊ शकते. बिगेलोने पन्नासहून अधिक वर्षांच्या अडचणीनंतर मिळवलेली एक बैठक आपण या एका नळीपायी पुन्हा दोन-तीन बैठकांवर नेली आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की आता पैशाचा प्रश्न सुटला आहे. ते बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठांत गडचिरोली होता; पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. मुतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. एरवी ज्याला शेत गहाण टाकावे लागले असते, त्याचे ऑपरेशन फुकट होते ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण योजना ऑपरेशनचा खर्च उचलते. सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, मेडिकलच्या आवारात काढलेल्या रात्री आणि नळीसाठीची दुसरी फेरी हा भार घराच्याच डोक्यावर राहतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अशा मुलखात जुने उघडे ऑपरेशनच का करू नये? एकदाच कापा, एकदाच शिवा, जिल्हा रुग्णालयात करा, नळी नको, फेरी नको. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी जे केले, ते याच न्यायाने केले. तज्ज्ञ नाही म्हणून रुग्ण परत पाठवायचा नाही. शिकून, वाचून, जमेल ते तिथेच करायचे. त्या काळात, त्या जागी, ते पूर्णपणे बरोबर होते आणि त्यातून असंख्य जीव वाचले. पण खड्यासाठी तो मार्ग आज बंद होत आला आहे. गेल्या तीसेक वर्षांत शिकलेल्या सर्जनांनी किडनीचा खडा उघडून काढणे क्वचितच पाहिले आहे. शिवाय कुशीवरच्या हातभर जखमेनंतर बंडीवर पोती चढवणाऱ्या, नांगर धरणाऱ्या माणसाची कूस फुगून राहणे किंवा तिथे कायमचे दुखत राहणे हे त्या शस्त्रक्रियेचे ठाऊक असलेले फळ आहे. शहरातल्याला छिद्र आणि जंगलातल्याला हातभर छेद, ही वाटणी मला मान्य करवत नाही. श्रमावर जगणाऱ्यालाच लहान जखमेची गरज सर्वांत जास्त आहे.

मग तालुक्यातालुक्याला यंत्रे द्यावीत का? याचे उत्तर इंदूरच्या इतिहासात मिळते. कीगन यांचे यश हत्यारात नव्हते, ते रोज चालणाऱ्या हातात होते. पाठीतून किडनीत नेमकी वाट पाडणे शिकायला साठेक शस्त्रक्रिया लागतात, असे शिकणाऱ्या सर्जनांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. अहेरीला वर्षाला जेवढे मोठे खडे येतील, तेवढ्यावर तो हात तयार राहणार नाही, आणि महिन्यातून एकदा चालणारे लेझरचे यंत्र बहुतेकदा दुरुस्तीच्याच रांगेत असते. चंद्रपूरला मात्र हे शक्य आहे. तिथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीचे महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. मधली पायरी, म्हणजे प्रत्यक्ष खडा काढणे, या दोन ठिकाणी आणता येईल. पहिली पायरी, म्हणजे तुंबलेली किडनी मोकळी करणे, आणि शेवटची, म्हणजे आतली नळी काढणे, मात्र त्याहून खाली, अहेरी, आरमोरी, कुरखेडा, वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत आणली पाहिजे.

पहिल्या पायरीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खड्याने जीव जातो तो बहुतेकदा इथेच. खडा मूत्रवाहिनीत अडकला, वरची लघवी तुंबली आणि तिला पू झाला, तर ताप, थंडी वाजणे, रक्तदाब खाली जाणे हे सारे काही तासांत होऊ शकते. त्या वेळी खडा काढायचा नसतो. तुंबलेली किडनी मोकळी करायची असते. सोनोग्राफीत पाहून पाठीतून किडनीत एक बारीक नळी घालून लघवी बाहेरच्या पिशवीत सोडली की रुग्ण सावरतो. १९९८ मध्ये अशा ४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही नळी आणि आतून घातलेला स्टेंट दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. दुर्बीण नको, लेझर नको, सी-आर्मचे एक्स-रे यंत्र नको. सोनोग्राफीचे यंत्र, सुईवर बसलेला हात आणि स्थानिक भूल. हे काम शिकवता येते आणि ते भामरागडच्या रुग्णाला नागपूरच्या रस्त्यावर मरू देत नाही. गडचिरोलीत त्यात एक वेगळी गुंतागुंत आहे. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा याच जिल्ह्याचा आहे, त्यामुळे थंडी वाजून आलेल्या तापाला मलेरियाची गोळी मिळते आणि तुंबलेली किडनी मागे राहते. कुशीत दुखून ताप आला तर रक्ताच्या काचपट्टीबरोबर सोनोग्राफी, हा नियम इथे करण्यासारखा आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचेही तसेच. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडच्या लोकांतला सिकलसेल जगापुढे मांडला. १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केल्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीच्या काळातच गडचिरोलीत तो शोधला. या आजारात किडनीच्या आतल्या टोकांचा रक्तपुरवठा तुटतो, ती टोके झडतात, आणि लघवीतून रक्त व कुशीतली कळ अशी अगदी खड्यासारखी लक्षणे दिसतात. ज्याला खडा नाहीच अशा माणसाला खड्यासाठी नागपूरला धाडण्याची शक्यता इथे पुण्या-मुंबईहून जास्त आहे. आणि खडा असलेला सिकलसेलचा रुग्ण टेबलावर असेल, तर किडनी धुण्यासाठी लिटरवारी सोडले जाणारे सलाईन थंडगार असणे, त्याला पाणी कमी पडणे, प्राणवायू कमी होणे, यांतले काहीही त्याच्या लाल पेशींना वाकडे करू शकते. म्हणून ऑपरेशनआधी चाचणी, कोमट सलाईन, आणि उपाशी ठेवलेल्या रुग्णाला शिरेतून पुरेसे पाणी. आंतरराष्ट्रीय पाहणीतल्या रुग्णांत असे किती होते, हा फ्रान्सच्या अकादमीच्या आक्षेपात दडलेलाच प्रश्न आहे.

शेवटच्या पायरीचे उत्तर मुख्यतः नागपूरच्या सर्जनच्या हातात आहे. साध्या, गुंतागुंत नसलेल्या मूत्रवाहिनीच्या खड्यानंतर स्टेंट ठेवलाच पाहिजे असे नाही, हे अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. पीसीएनएलनंतर पाठीतली नळी न ठेवता, मूत्रवाहिनीत बारीक कॅथेटर ठेवून तो सुटीआधीच काढणे हेही बसलेले तंत्र आहे. आणि स्टेंट ठेवावाच लागला तर त्याच्या खालच्या टोकाला दोरा बांधून तो बाहेर ठेवता येतो. काही दिवसांनी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातली नर्सदेखील तो ओढून काढू शकते, दुर्बीण लागत नाही. असे करणे प्रत्येक वेळी सुरक्षित नसते. सूज असेल, रक्त असेल, एकच किडनी असेल, तर नळी हवीच, आणि ती टाळून रुग्णाला गावात तुंबलेल्या किडनीने तडफडायला लावणे जास्त वाईट. पण ज्या केसमध्ये दोन्ही चालते, तिथे निवड करताना पत्ता पाहावा. नागपूर शहरातल्या रुग्णाला नळी चार आठवड्यांनी काढू म्हणणे आणि भामरागड तालुक्यातल्या लाहेरीच्या रुग्णाला तेच म्हणणे यांत फार फरक आहे. बाहेरून तज्ज्ञ आणून भरवलेल्या शिबिरांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. मोतीबिंदू, हर्निया, अंडवृद्धी यांसाठी शिबिर चालते, कारण पुन्हा येऊन काढावे लागेल असे आत काही उरत नाही. खड्याचे शिबिर भरवायचे तर सहा आठवड्यांनंतरचे दुसरे शिबिर पहिल्याच दिवशी जाहीर करावे लागेल, आणि ते जुलैत नसावे.

खडा काढल्यावर तो पुन्हा होतो, ही या शस्त्रक्रियेची सर्वांत जुनी मर्यादा आहे. दहा वर्षांत निम्म्या रुग्णांना दुसरा खडा होतो, असे साधारणपणे मानले जाते. १९९६ मध्ये इटलीत १९९ रुग्णांची पाच वर्षे चाचणी झाली. दिवसाला दोन लिटरांहून जास्त लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत १२.१ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, आणि त्याच दिवसांत माणसे पहाटे जंगलात शिरून तेंदूपाने तोडतात, दुपारी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, पुडे मांडतात. इथे दोन लिटर लघवीसाठी किती पाणी प्यावे लागेल, हे इटलीच्या हिशेबाने सांगता येत नाही. त्यातही वरोरा-भद्रावतीकडच्या अनेक गावांतल्या पाण्यात फ्लोराइड आहे, म्हणजे जास्त पाणी पी म्हणताना कोणते पाणी, हेही सांगावे लागते. म्हणून तेंदूच्या फळीवर चांगल्या पाण्याच्या झाकलेल्या माठाची व्यवस्था करणे हे ठेकेदाराचे काम आहे, आणि त्याच्या करारात ते एका ओळीने घालता येण्यासारखे आहे.